वाडीतून थेट ताटात : धंद्याचे चार धडे

कापड खरेदीसाठी मुंबई-अहमदाबाद महामार्गाने सुरतेला जाणारे आपले अनेक बंधू वसई-विरारच्या आसपास जेवायला थांबतात. या भागात व पुढे डहाणूपर्यंत, वाडीतला माल वाडीतच रांधून वाढणारी ठिकाणे आता लोकप्रिय झाली आहेत. साध्या खानावळीपेक्षा तिथे दर जास्त, तरी गिऱ्हाईक जाते. असे का, हे व्यापाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेत बर्कले येथे ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ साली उपाहारगृह काढले, तेव्हापासून या पद्धतीचा बोलबाला झाला. पण वसईचे बागायतदार आपली भाजी, केळी, फुले लोकलने दादरच्या बाजारात नेऊन विकत आले आहेत. माल पिकवणारा आणि घेणारा समोरासमोर, हे आपल्याकडे जुनेच आहे.

पहिला धडा हिशेबाचा. समजा, गिऱ्हाईक भाजीला १०० रुपये देते. त्यातले ६० रुपये वाहतूक, हमाली, आडत, नासाडी आणि दुकानदाराचा नफा यांत गेले, तर शेतकऱ्याला ४० उरतात. वाडीत ताट वाढले की ते ६० तिथेच राहतात. मात्र आचारी, इंधन आणि गिऱ्हाईक नसलेले दिवस यांचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. थेट विक्री करणाऱ्या कारागिराने दलाली वाचली तेवढा नफा झाला, असे समजू नये. स्वतःच्या वेळेची किंमतही धरावी.

दुसरा धडा उरलेल्या मालाचा. वसईत राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात आणि केळीच्या सुक्या पानांत बांधतात. हीच सुकेळी. पिकलेली केळी चार दिवसांत काळी पडतात. सुकेळी पुष्कळ टिकते. आपल्या दुकानातल्या कटपीसकडे याच नजरेने पाहावे.

तिसरा धडा खरेपणाचा. कापडाच्या काठावर गिरणीचे नाव पाहून गिऱ्हाईक निश्चिंत होते. जेवणाऱ्यालाही तसा काठ दिसला पाहिजे. वाशीच्या बाजारातली भाजी ‘आमच्या वाडीची’ म्हणून वाढली, तर एक दिवस पत जाते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये आणि वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापुरी चादरीलाही ते आहे. नावाला मोल आहे, म्हणून तर नकली माल निघतो. आपल्या प्रवाशांनीही कोंबडी वाडीत वाढली एवढ्यावर समाधान मानू नये; ती हलाल कोणी केली, हे विचारावे. उत्तर स्पष्ट नसेल तर मासळी-भाजी घ्यावी. जो मालक सरळ उत्तर देईल, त्याच्याकडे आपले गिऱ्हाईक पुन्हा जाईल.

चौथा धडा सर्वांत मोठा. वसई-विरारमध्ये अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ची चळवळ चालवली ती ही हिरवळ टिकावी म्हणून. पण वाडी चळवळीबरोबर भावानेही टिकते. ताटाचे पैसे रोख घेऊन भाजीवाल्याला महिनाभर थांबवले, तर तो उद्या जमीन बिल्डरला देईल. मग वाढायचे काय? विणकर, शिंपी, जरीवाला यांचेही तसेच आहे. मजुरी थकली की कारागिराचा मुलगा ते काम शिकत नाही, आणि हुन्नर घरातून जातो. विक्री रोखीची असेल तेव्हा कारागिराचा हिशेब त्याच आठवड्यात चुकता करावा.