‘साथ’ या शब्दाचे दोन अर्थ आणि वसतिगृहातील फ्लू

काशीच्या अहिल्याबाई घाटाला उत्तरेकडून लागूनच शीतला घाट आहे. एकाला होळकर घराण्यातील कर्तबगार स्त्रीचे नाव, तर दुसऱ्याला देवीच्या रोगाच्या अधिष्ठात्रीचे. अहिल्याबाईंच्या (१७२५–१७९५) आणि इतर मराठी दात्यांच्या आश्रयामुळे वेद, व्याकरण, न्याय शिकण्यासाठी दक्षिणेतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या काशीत राहिल्या. गुरूचे घर, वाड्यातली खोली आणि अन्नछत्रातली पंगत हेच त्यांचे वसतिगृह होते. १९१६ साली काशी हिंदू विश्वविद्यालय स्थापन झाले आणि त्याबरोबर छात्रावासाचा आधुनिक प्रकारही येथे आला. दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान आहे. परक्या गावची मुले एका छताखाली निजतात, एका पंगतीत जेवतात आणि ताप भरतो तेव्हा घरचे कोणी उशाशी नसते.

अशा निवासात फ्लूच्या साथीला तोंड देण्याची पूर्वतयारी हा विषय वैद्यकाचा खराच; परंतु त्यात भाषेचाही काही भाग आहे. ‘साथ’ हाच शब्द घ्या. सोबत या अर्थी तो संस्कृत ‘सार्थ’, म्हणजे तांडा, यावरून आलेला आहे. हिंदीत तो त्याच अर्थाने स्थिरावला. मराठीत मात्र गवयाला तबल्याची साथ असते, संकटात मित्र साथ देतो आणि गावात रोगाची साथही येते. ‘छात्रावासात साथ आली आहे’ असे मराठी विद्यार्थ्याने सांगितले, तर हिंदीभाषक सोबत्याच्या मनात भीती उमटण्याचे कारण नाही.

रोगांची जुनी मराठी नावे बहुधा शरीराच्या अवस्थेवरून वा दैवतावरून पडली: पटकी, देवी, गाठीचा ताप. १९१८च्या इन्फ्लुएन्झाला लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. मान मोडून टाकणाऱ्या अंगदुखीचे चित्र त्यात नेमके उतरले आहे. मात्र रोग येतो कोठून, हे ते नाव सांगत नाही. ते सांगतो ‘साथ’ हा शब्द. रोग माणसाच्या सोबतीने येतो.

१९१८च्या जूनमध्ये मुंबईत दिसलेली पहिली लाट सौम्य होती. पावसाळ्याच्या अखेरीस उसळलेली दुसरी लाट आगगाडीच्या मार्गांनी देशभर पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मरण पावली आणि विशेष म्हणजे वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने गेली. विद्यार्थ्यांचे वय याला लागूनच असते. सूर्यकांत त्रिपाठी निराला यांच्या ‘कुल्ली भाट’ (१९३९) या कृतीत त्या साथीचे दर्शन आहे. पत्नीच्या आजाराची तार मिळाल्यावर ते बंगालमधून निघाले, परंतु पोहोचण्यापूर्वीच ती गेली होती. डलमऊच्या घाटावरून त्यांनी प्रेतांनी भरलेली गंगा पाहिली. तोच प्रवाह पुढे काशीला येतो. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये प्लेगचे दिवस आले आहेत. मानमोडीला मात्र त्या तोडीचे मराठी गद्य लाभले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता वसतिगृहाकडे वळू. एखादा मुलगा तापाने पडला की आपल्याकडे प्रथम त्याचे ताट वेगळे होते. या कृतीमागे सोवळ्याची सवय आहे आणि त्याहून कटू अशी जातीची स्मृतीही आहे. ज्यांच्या पूर्वजांचे ताट पिढ्यान्‌पिढ्या वेगळे ठेवले गेले, त्या विद्यार्थ्याला हा ‘उपाय’ कसा वाटत असेल याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः साबणाने धुतलेल्या ताटापासून भय नाही. फ्लू पसरतो तो मुख्यतः खोकल्या-शिंकेतून आणि बोलताना उडणाऱ्या तुषारांतून, बंद खोलीतल्या हवेतून, काही अंशी हातांवाटे. ताट वेगळे करण्याची घाई आणि खिडकी उघडण्याचा आळस, असा हा उलटा व्यवहार आहे. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे सुमारे पाच ते सात दिवस रोगी इतरांना बाधा देऊ शकतो. त्यामुळे वेगळे ठेवायचे ते रोग्याचे अंथरूण, तेही मोजक्या दिवसांसाठी; आणि का व किती दिवस, हे त्याला आधी सांगून.

याची सिद्धता ताप येण्यापूर्वीच व्हावी लागते. भारतात फ्लू वर्षातून दोनदा, जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात व त्यानंतर, जोर धरतो. नव्या प्रवेशांची गर्दीही बहुधा पावसाळ्यातच असते. विषाणू बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. प्रत्येक मजल्यावर हवेशीर अशी एक खोली राखून ठेवावी. तापमापक, पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे आणि मुखपट्ट्या हाताशी असाव्यात. दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी वैद्याला आरंभीच दाखवावे, कारण विषाणूवरील औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत अधिक गुणकारी ठरते. फ्लूवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाची एकेका सोबत्याशी जोडी आधीच ठरलेली असावी. त्याने मुखपट्टी लावून दिवसातून दोनदा दार ठोठवावे, पेज किंवा खिचडी पोहोचवावी, ताप लिहून ठेवावा. हजेरी बुडण्याच्या भीतीने ताप लपवला जातो. ती भीती काढणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

घरी निघून जाण्याची ओढ स्वाभाविक आहे. पण काशीहून मुंबईचा प्रवास म्हणजे सुमारे एक अहोरात्र गाडीच्या डब्यात. आजारी विद्यार्थी रोग घरी नेतो आणि वाटेतही वाटत जातो. औषधाविना ताप उतरून चोवीस तास होईपर्यंत खोलीतच राहणे योग्य.

मराठी विभागाकडून येथे एक छोटे काम होण्याजोगे आहे. परप्रांतातील मुलाला आपले दुखणे नीट सांगता येत नाही. ‘कणकण आहे’ म्हटले तर हिंदीत त्याचा अर्थ निराळाच होतो. तिथे ‘हरारत’ म्हणावे लागते. अंग मोडून येणे म्हणजे ‘बदन टूटना’, हुडहुडी म्हणजे ‘कँपकँपी’, धाप लागणे म्हणजे ‘साँस फूलना’. असा दहा-बारा शब्दांचा तक्ता दारामागे लावावा. त्यात धाप, छातीत दुखणे, भ्रम आणि उतरलेला ताप पुन्हा चढणे यांचे हिंदी पर्याय ठळक अक्षरांत असावेत, कारण या चारांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते.