अंगणात थांबलेला थोरला

आई-बाबांनो,

रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही: “प्रार्थना न करता झोपलं तर देव नापास करतो का?” मूल हे विचारतं तेव्हा त्याच्या आवाजात धास्ती असते. घरी कुणीतरी कधीतरी, बहुधा घाईत आणि बहुधा प्रेमापोटीच, म्हणून गेलेलं असतं की प्रार्थना चुकवलीस ना, म्हणून मार्क कमी पडले. बोलणारा ते विसरतो. मुलाच्या मनात मात्र वही घेऊन बसलेला देव ठाण मांडतो. त्याच्याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आपल्या घरांत शिस्त आहे आणि ती असावी. जेवणाआधी प्रार्थना, रविवारी उपासना किंवा मिस्सा, उपवासकाळात आवडीचं काही सोडणं, वचनं तोंडपाठ करणं, यातलं काहीही बंद करा असं मी म्हणणार नाही. प्रभू येशूही तसं म्हणाला नाही. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना त्याने खडसावलं ते न्याय, दया आणि विश्वास बाजूला पडले म्हणून. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात तो दशांशही द्यायलाच सांगतो. परूशी म्हणजे ढोंगी, असं आपण मुलांना पटकन सांगून मोकळे होतो, पण देवाचं नियमशास्त्र मंदिरापुरतं न राहता रोजच्या घरात, जेवणाच्या पंगतीत उतरावं अशी त्या लोकांची तळमळ होती. आपलीही तीच आहे. म्हणून त्यांना दिलेला इशारा आधी आपल्यासारख्या श्रद्धाळू घरांना लागतो.

लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी प्रार्थनेत काही खोटं बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशांश द्यायचा. पण देवापुढे उभं राहूनही त्याची नजर मागच्या जकातदाराकडे गेली. ही नजर मुलं आपल्याकडून उचलतात, तीही चर्चहून घरी परतताना. अमक्यांचा मुलगा दृढीकरणाच्या वर्गाला येत नाही, तमक्यांची मुलगी कशा कपड्यांत आली होती. उपदेशात काय ऐकलं ते मुलं विसरतील. परतीच्या वाटेवरचं हे बोलणं विसरणार नाहीत.

पालक म्हणून मला सगळ्यात जवळची वाटते ती लूकच्याच पंधराव्या अध्यायातली गोष्ट. आपण तिला उधळ्या पुत्राची गोष्ट म्हणतो आणि धाकटा घरी आला की पुस्तक मिटतो. पण येशूने ती कुणाला सांगितली ते अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे. तो पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते, त्यांना. म्हणजे गोष्टीचा रोख थोरल्यावर आहे. हा थोरला कधी घर सोडून गेला नाही, त्याने एक आज्ञा मोडली नाही. शेतातून दमून येतो, नाचगाण्याचा आवाज ऐकतो, नोकराला विचारतो आणि बाहेरच थांबतो. मग बापाला जे ऐकवतो ते ऐकून पोटात तुटतं. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मित्रांबरोबर आनंद करायला तुम्ही मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. बापाच्या घरात राहून हा मुलगा नोकरासारखा जगला. सगळं त्याचंच होतं, आणि तो मनातल्या मनात करडाचा हिशेब ठेवत होता.

अशी मुलं आपल्याकडे असतात. वचनपाठांतरात पहिली, कधी उलटून न बोलणारी, चर्चमध्ये सगळ्यांच्या कौतुकाची. घर सोडून गेलेल्या मुलासाठी आपण रडतो, उपास करतो. या मुलाची काळजी आपल्याला वाटत नाही, आणि मला वाटते ती त्याचीच. चुकलं तर आपण नकोसे होऊ, असं त्याला वाटत असेल तर त्याचं आज्ञापालन भीतीवर उभं आहे, आणि घरातलं प्रेम त्याला पगारासारखं मिळवावं लागतंय. गोष्टीतला बाप दोघांसाठीही घराबाहेर आला. धाकट्यासाठी धावला, थोरल्याला समजवायला अंगणात उतरला. थोरला शेवटी आत गेला का, हे येशूने सांगितलंच नाही. बाप मात्र जेवणावळ सोडून त्याच्यापाशी उभा राहिला, एवढं सांगितलं.

एक अवघड गोष्टही बोलते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुष्कळ घरांत आहेत. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधली वर्षं त्यांनी किती ओढाताणीत काढली, पतीच्या घरी परतल्यावरही सोवळं कसं सांभाळलं आणि ते आतून कसं गळून पडलं, हे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या मुलीने शेजारच्या काकूंनी दिलेला दिवाळीचा फराळ घरी आणला की तो डबा तिच्यासमोर कचऱ्यात का जातो? मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचा प्रश्न करिंथच्या मंडळीतही होता. खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने आपण देवाच्या जवळ जात नाही, आपल्या मोकळिकीमुळे दुर्बळ विवेकाचा भाऊ अडखळू नये एवढी काळजी घ्या, असा पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला रोख आहे. तुमचा विवेक तो फराळ घ्यायला तयार नसेल तर खाऊ नका, मुलीला शांतपणे कारण सांगा. पण तिच्या मनात त्या काकूंबद्दल किळस निर्माण झाली तर आपण पुन्हा सोवळं नेसलो, फक्त नव्या नावाने.

नम्रता मुलांना कशी शिकवायची, असं आया विचारतात. मला एकच मार्ग भरवशाचा वाटतो. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आपण मुलांच्या चुका देवापुढे मोठ्याने वाचतो: “प्रभू, याला खोटं न बोलण्याची बुद्धी दे.” मूल डोळे मिटून ते ऐकत असतं आणि शरमेने चूर होत असतं. त्याऐवजी एखाद्या रात्री स्वतःचं सांगा. आज मी आजीवर ओरडले, मला क्षमा कर. आणि प्रार्थना संपल्यावर उठून आजीपाशी जा. मुलं पाहतील की क्षमा मागूनही आई या घरात आईच राहते.

किशोरवयीन मुलगा एखाद्या रविवारी म्हणेल, मी येत नाही. पाळकसाहेब काय म्हणतील हा विचार त्या क्षणी बाजूला ठेवा. निघायला उशीर झाला तर होऊ द्या. त्याच्याशेजारी बसून विचारा की काय झालं, आणि त्याचं उत्तर तुम्हाला न आवडणारं असलं तरी पूर्ण ऐका.