बीसी सखीने उद्यम नोंदणीत कोणता कोड टाकावा?

ताईंनो, मजुरीचे पैसे असोत की लाडकी बहीणचे पंधराशे, मुलचेऱ्यापर्यंत न जाता गावातच अंगठा लावून मिळाले की केवढी सोय होते! ही सोय करून देणारी बीसी सखी स्वतः एक व्यवसाय चालवत असते. प्रिंटर घ्यायला किंवा दुकान वाढवायला ती बँकेत कर्ज मागायला गेली, की "उद्यम नोंदणी आहे का?" हा प्रश्न येतो. नोंदणी करताना गाडी अडते ती एनआयसी कोडपाशी.

हा कोड म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातला पाच आकडी क्रमांक. पोर्टलवरची यादी २००८ ची आहे. पहिले दोन आकडे व्यवसायाचं मोठं घर सांगतात, पुढचे आकडे त्या घरातली खोली. पैशांशी संबंधित कामांची घरं तीन: ६४ मध्ये बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्था, ६५ मध्ये विमा कंपन्या, आणि ६६ मध्ये या सगळ्यांना मदत करणारी कामं.

चूक होते ती इथेच. "बँकेचं काम" म्हणून ६४ निवडलं जातं, आणि त्यात ६४९२० दिसला की तोच बरा वाटतो. पण ६४९२० म्हणजे कर्ज देण्याचा धंदा. बँकेशिवाय व्याजाने पैसे देणारेही त्यातच मोडतात. आपल्या राज्यात सावकारीसाठी २०१४ च्या कायद्याखाली परवाना लागतो. आपण ते काम करतच नाही, मग कागदावर तसं का लिहून द्यायचं?

यावर एखादी ताई म्हणेल, "पण रोकड तर माझ्याच गल्ल्यातून जाते!" जाते खरी. पण ग्राहकाने अंगठा लावला की त्याच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि तेवढीच तुमच्या जोडलेल्या खात्यात जमा होते. तुम्ही कोणाला उधार दिलं नाही, व्याजही घेतलं नाही. तुमची कमाई म्हणजे कमिशन. म्हणून घर ६६, आणि कोड ६६१९०, म्हणजे वित्तीय सेवांना पूरक इतर कामं. पैसा कोणाचा आणि बुडाला तर कोणाचा बुडेल, एवढं स्वतःला विचारलं तरी बराच गोंधळ मिटतो.

अर्जात आधी 'सेवा' निवडा, मग ६६, मग ६६१९, मग ६६१९०. एका नोंदणीत एकाहून जास्त कोड टाकता येतात. झेरॉक्स आणि फॉर्म भरण्याचं काम असेल तर ८२१९ खालचा जुळणारा कोड जोडा. कोणी एलआयसीची विमा सखी असेल तर विमा एजंटासाठी ६६२२० आहे. मात्र कोड टाकला म्हणून कोणी एजंट होत नाही, त्याची परीक्षा आणि नेमणूक वेगळी. बँकेची नेमणूक नसताना ६६१९० टाकून बीसी होता येत नाही, तसंच हे. आणि उद्या करू, परवा करू अशा कामांचे कोड आत्ताच भरून ठेवू नका; बँकेतले साहेब नेमकं त्याबद्दलच विचारतील.

आता गटाचं. दशसूत्रीतलं अंतर्गत कर्ज आपल्याच सदस्यांसाठी असतं, त्यासाठी उद्यम नोंदणीची गरज नाही. गटाने भात गिरणी टाकली, तर नोंदणी गिरणीची करायची. त्याचा कोड १०६१२, आणि संस्थेच्या प्रकारात 'स्वयंसहाय्यता गट' हा पर्याय निवडायचा. इथेही बचत-कर्जाचा कोड नको.

ही नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते आधी बघा, कारण सरकारी असल्यासारख्या दिसणाऱ्या काही साईट याच कामाचे पैसे मागतात. आधी नोंदणी झाली आहे आणि कोड चुकला आहे, तर नवी नोंदणी करू नका. त्याच पोर्टलवर दुरुस्तीचा पर्याय आहे. नोंदणीत दिलेला मोबाईल सोबत ठेवा, ओटीपी त्यावर येतो. कोड बदलून झाला की नवीन प्रमाणपत्राची प्रत काढून कर्जाच्या फाईलला लावा, जुनी काढून टाका.