पिस्तूल मध्येच का अडकते?

प्रश्न : माझी मुलगी २५ मीटर पिस्तूल प्रकाराचा सराव करते. तिचे .२२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अधूनमधून अडकते. पिस्तूलच बदलावे का? – एक पालक, नाशिक

उत्तर : इतक्यात नको. या पिस्तुलातल्या .२२ काडतुसाचा जोर मुळात बेताचा. तेवढ्या जोरावर ब्रीचब्लॉक मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि परतताना नवे आत ढकलतो. म्हणून थोडीशी अडचणही पुरते.

आधी मॅगझिन पाहा. .२२ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे; मागे राहिली तर ते पुढे सरकतच नाही. मॅगझिनचे ओठ किंचित वाकले तरी हाच त्रास होतो.

मग काडतुसे. दोन-तीन कंपन्यांची वापरून पाहा. जे विनातक्रार चालेल तेच ठेवा.

तिसरी गोष्ट सफाई. शिशाच्या गोळीवरचे मेण आणि दारूची काजळी चेंबरमध्ये साचते. ती काढा, तेल मात्र थेंबभरच. रिकाम्या चेंबरवर चाप ओढू देऊ नका. फायरिंग पिनमुळे चेंबरची कड ठेचते. सरावाची डमी काडतुसे वापरा.

मुलीला एक पक्के शिकवा : पिस्तूल अडकले की नळी लक्ष्याकडेच, बोट चापाबाहेर, हात वर करून प्रशिक्षकांना बोलवायचे. एवढे करूनही अडकत राहिले, तर स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर परवानाधारक कारागिराकडूनच तपासून घ्या.