हफमनने निवडलेला निबंध

इ. स. १९५१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्राध्यापक रॉबर्ट फॅनो अध्यापन करीत असत. त्यांनी विद्यार्थ्यांपुढे दोन मार्ग ठेवले. एक तर अंतिम परीक्षेला बसावे, नाही तर दिलेल्या प्रश्नावर निबंध लिहावा. प्रश्न दिसावयास साधा होता. मजकूर केवळ शून्य आणि एक या दोन अंकांनी लिहावयाचा असेल, तर तो कमीत कमी अंकांत कसा मावेल? डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून निबंध पत्करला. खुद्द फॅनो यांना आणि क्लॉड शॅनन यांच्यासारख्या पंडितालाही हा प्रश्न पुरता सुटलेला नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते बरेच झाले म्हणावयाचे!

कित्येक महिने हफमनने डोके खपविले. अखेर निराश होऊन टिपणे फेकून द्यावी आणि परीक्षेचा अभ्यास करावा असे त्याने ठरविले. आणि त्याच वेळी त्याला उत्तर सुचले.

वारंवार येणाऱ्या अक्षराला आखूड खूण द्यावी, हे तत्त्व जुनेच होते. तारायंत्राच्या मोर्स लिपीत इंग्रजी ‘ई’ला एकच टिंब असते, तर विरळ येणाऱ्या ‘क्यू’ला चार चिन्हे लागतात. फॅनो अक्षरांचे वरून खाली गट पाडीत. हफमनने खालून आरंभ केला. समजा, शंभर अक्षरांच्या मजकुरात ‘क’ ६० वेळा, ‘म’ २० वेळा आणि ‘ल’ व ‘ब’ प्रत्येकी १० वेळा आले आहेत. सर्वांना सारख्या दोन अंकी खुणा दिल्यास २०० अंक लागतील. हफमन सर्वांत विरळ अशा ‘ल’ आणि ‘ब’ यांची प्रथम जोडी जुळवितो; मग त्या जोडीस ‘म’ जोडतो आणि शेवटी ‘क’. त्यावरून ‘क’ला ०, ‘म’ला १०, ‘ल’ला ११० आणि ‘ब’ला १११ अशा खुणा मिळतात. बेरीज केली असता १६० अंक भरतात. शिवाय कोणतीही खूण दुसऱ्या खुणेचा आरंभ नसल्याने मध्ये विराम सोडावा लागत नाही. ही रीत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढे १९७७ मध्ये याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल या इस्राएली शास्त्रज्ञांनी निराळीच वाट काढली. एकदा येऊन गेलेले शब्द पुन्हा न लिहिता, ‘इतकी अक्षरे मागे जा व तेथून इतकी अक्षरे उचल’ एवढेच ते लिहीत. १९९२ मधील जीझिप या आज्ञावलीत दोन्ही रीती एकत्र नांदतात.

आज मंद गतीच्या इंटरनेटवर मोठे पान मागविले, की मोबाइलमधील ब्राउझर आपल्याला कोणत्या रीतीने आवळलेला मजकूर उलगडता येतो हे आधीच कळवितो. सर्व्हर मजकूर आवळून धाडतो आणि ब्राउझर तो जसाच्या तसा उलगडतो. एक अनुस्वारही हरवत नाही. छायाचित्रे मात्र बहुधा आधीच आवळलेली असतात. त्यांच्यावर पुन्हा श्रम करणे व्यर्थ होय.

मराठी पानांना या युक्तीची गरज अधिक. संगणकाच्या प्रचलित लेखनपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरी अक्षराला तीन लागतात. काना, मात्रा, वेलांटी यांनाही तीन-तीन. परंतु त्या तिहींतील पहिला बाइट सदैव एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. एवढी पुनरुक्ती असल्यामुळे मराठी मजकूर आवळताच पुष्कळ हलका होतो.