बियाण्यांची ठेव आणि तिचे व्याज

मार्गशीर्षातील अमावास्या, म्हणजेच वेळ अमावास्या, हा आपल्या बीदर-कलबुर्गी भागातील मोठ्या आनंदाचा दिवस. त्या दिवशी घरे ओस पडतात आणि शेते माणसांनी गजबजतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, आंबिलाचे मडके भरले जाते आणि भज्जीच्या पातेल्याभोवती आप्तस्वकीयांची पंगत बसते. या भज्जीत तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात अशा कितीतरी जिनसा एकत्र शिजतात.

गेल्या वर्षी या सणानंतर आम्ही वर्गात एक साधा प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या घरच्या भज्जीतील किती जिनसा तुमच्याच शेतातून आल्या?’’ बहुतेकांनी तूर आणि हरभरा ही दोनच नावे घेतली. एक मुलगी म्हणाली, ‘‘गुरुजी, आजी सांगते की तिच्या वेळी सगळे शेतातच मिळायचे. आता वाटाणा आणि पावटा आम्ही आठवडी बाजारातून आणतो.’’ त्या मुलीने सहजपणे सांगितलेली ही गोष्ट आम्हांला फार गंभीर वाटली. प्रस्तुत लेख तिच्याच विचारातून लिहिला आहे.

एखाद्या प्रदेशातील वनस्पती, प्राणी, पक्षी, कीटक आणि डोळ्यांना न दिसणारे मातीतील जीव यांच्या विविधतेस जैवविविधता म्हणतात. परंतु ही विविधता केवळ निरनिराळ्या जातींची नसते. एकाच जातीच्या पोटातही ती असते. एकाच शिवारातील दोन तुरी दिसावयास सारख्या असल्या, तरी एक पाण्याचा ताण सोसते आणि दुसरी सोसत नाही; एक रोगास बळी पडते आणि दुसरी ताठ उभी राहते. हा गुप्त फरक हेच निसर्गाचे खरे धन होय. ते जतन करण्यासाठी सरकारने आणि व्यापारी संस्थांनी पैसा का खर्चावा, असे कोणी विचारले, तर उत्तरासाठी दूर जावयास नको. आपल्या तुरीचीच कथा पाहावी.

आम्ही मूळचे कोकणी बोलणारे. आमच्या घरी दाळीतोय, म्हणजे हिंग-मिरचीच्या फोडणीचे तुरीचे वरण, नाही असा दिवस क्वचितच जातो. तथापि ज्या तुरीवर आमचा पिंड पोसला ती उभ्या शेतात पाहण्याचा योग नोकरीनिमित्त या भागात आल्यावरच आला. कलबुर्गीस कर्नाटकातील तुरीचे कोठार म्हणतात. येथील ‘गुलबर्गा तूर डाळ’ हिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेतकरी, हमाल, अडते, डाळ गिरण्यांतील कामगार अशा असंख्य कुटुंबांची चूल या एका पिकावर पेटते.

या पिकाचा जुना वैरी म्हणजे मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीत राहते, मुळांवाटे झाडात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद पाडते. पीक फुलांनी आणि शेंगांनी लगडू लागते, त्याच सुमारास उभे झाड वाळते. खोड चिरून पाहिले तर आत काळसर रेषा दिसतात. बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकत असल्यामुळे औषधाने तिचा समूळ नाश करता येत नाही. खरा उपाय एकच. रोगाला दाद न देणारे वाण शोधावयाचे.

असे वाण कोठे शोधावयाचे? आपल्या भागातून जाणाऱ्या मुंबई-हैदराबाद महामार्गावर, हैदराबादच्या अलीकडे, पाटणचेरू हे गाव लागते. तेथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या जनुकपेढीतील थंड खोल्यांत ज्वारी, बाजरी, हरभरा, भुईमूग, तूर आदी पिकांचे एक लाखाहून अधिक नमुने जपलेले आहेत. त्यांत एकट्या तुरीचेच तेरा हजारांहून अधिक आहेत. हे नमुने प्रामुख्याने खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांकडून गोळा केलेले. कोणा आजीने राख लावून मडक्यात जपलेले मूठभर बी, एवढेच त्यांचे मूळ.

महाराष्ट्रातून आलेल्या अशाच एका देशी तुरीतून शास्त्रज्ञांनी निवड पद्धतीने ‘आय.सी.पी. ८८६३’ हे मर रोगास दाद न देणारे वाण मिळविले. १९८६ साली ते ‘मारुती’ या नावाने कर्नाटकात प्रसारित झाले आणि १९९२-९३ पर्यंत उत्तर कर्नाटकातील तुरीच्या सुमारे साठ टक्के क्षेत्रावर पसरले. ‘इक्रिसॅट’च्याच अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली या कामाचा हिशेब प्रसिद्ध केला. संशोधनावर आणि प्रसारावर झालेल्या खर्चाच्या मानाने परताव्याचा वार्षिक दर शेकडा ६५ पडला आणि निव्वळ लाभ सहा कोटी डॉलरांच्या घरात गेला. बँकेतील ठेवीवर याच्या मानाने किती थोडे व्याज मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळेल. अर्थात हा परतावा शास्त्रज्ञांच्या श्रमांचाही आहे. परंतु कोणी ते देशी बी जपलेच नसते, तर शास्त्रज्ञांनी निवड तरी कशातून केली असती?

येथे मात्र एक धोका आहे. चांगले वाण हाती आले की सर्वत्र तेच पेरले जाते आणि ज्या जुन्या बियाण्यांतून ते जन्मले ती शेतातून नाहीशी होतात. म्हणजे व्याज तर घ्यावयाचे, पण मुद्दल मात्र उधळावयाचे! बुरशी काही स्वस्थ बसत नाही. तीही रूप पालटते. एकाच वाणावर विसंबणे किती महाग पडते हे अमेरिकेने १९७० साली अनुभवले. तेथील बहुतेक संकरित मका एकाच मातृपरंपरेतील होता. त्यावर करपा पडला आणि देशाच्या मक्याचा सुमारे शेकडा पंधरा भाग बुडाला. आपल्या कलबुर्गी भागातही २०२२ च्या हंगामात अतिवृष्टीपाठोपाठ मर व मूळकूज यांनी तुरीची फार मोठी हानी केली. कानडीत ज्यास ‘नेटे रोग’ म्हणतात तो हाच. सरकारला शेतकऱ्यांसाठी नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या वर्षाची आठवण अद्याप ताजी असेल. वेळीच न केलेला थोडा खर्च पुढे भरपाईच्या रूपाने कितीतरी पटींनी करावा लागतो, असाच याचा अर्थ.

जैवविविधता केवळ पेढीतील थंड खोलीत राहत नाही; ती बांधावर, झाडावर आणि मातीतही राहते. पूर्वी ज्वारीत तुरीच्या ओळी घेत. अशा मिश्र पिकात मर रोगाचे प्रमाण घटते, हे पुढे प्रयोगांतूनही दिसून आले. शेंगा पोखरणाऱ्या अळीचेही तसेच आहे. १९९७-९८ च्या हंगामात या अळीने आपल्या भागातील तुरीचा धुव्वा उडविला. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, पण अळी औषधाला दाद देईना. शेतकरी मात्र कर्जात बुडाले. या अळ्या वेचून खाणारे कोतवाल आणि साळुंक्या हे पक्षी आपले बिनपगारी राखणदार होत. म्हणून तर कृषिखाते शेतात पक्षिथांबे उभारावयास सांगते. परंतु बांधावरची बाभूळ आणि लिंब तोडून टाकल्यावर हे राखणदार वस्ती कोठे करणार? सूर्यफुलाचे दाणे भरण्यास मधमाशी लागते आणि मधमाशीला वर्षभर फुलणारे रान लागते. चिंचोळीचे जंगल २०११ साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याकडे केवळ सहलीचे स्थळ म्हणून पाहणे पुरेसे नाही. असे रान आसपासच्या शिवारांना पाणी, पक्षी आणि कीटक पुरविणारे भांडारच असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा खर्च कोणी करावयाचा? काही जण म्हणतात, शेतकऱ्यांनीच जुनी बियाणी जपावी. हे म्हणणे वरवर गोड आहे, पण न्यायाचे नाही. जुने वाण बहुधा कमी उत्पन्न देते. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने पोराबाळांच्या तोंडचा घास कमी करून साऱ्या देशासाठी बियाणे का सांभाळावे? लाभ सर्वांचा असेल, तर भारही सर्वांनी वाहावयास हवा.

एकटा व्यापारी हा भार आपण होऊन उचलणार नाही. कारण त्याने राखलेल्या बियाण्याचा लाभ त्याच्या प्रतिस्पर्ध्यासही मिळतो. म्हणूनच पहिले कर्तव्य सरकारचे. जनुकपेढ्या, कृषी संशोधन केंद्रे आणि राखीव राने यांवरील खर्च हा दानधर्म नव्हे. धरणे आणि रस्ते यांच्याइतकीच ती देशाची भांडवली गुंतवणूक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावी, असे ठरविले आहे. समिती कागदावर राहू नये आणि नोंदवही कपाटात पडू नये, यासाठी मनुष्यबळ आणि पैसा दोन्ही हवेत.

परंतु सरकारवर सारे सोपवून उद्योगांस मोकळे होता येणार नाही. डाळ गिरणीला तूर हवी, तेल गिरणीला सूर्यफूल आणि करडई हवी, बियाणे कंपनीला नव्या वाणासाठी जुने वाण हवे. तूर बुडाली की गिरणीचे चाक थांबते आणि कामगार घरी बसतो. गिरणीमालक आगीचा विमा उतरवितो. मग ज्या कच्च्या मालावर गिरणी उभी आहे त्याचा विमा नको काय? २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे शेकडा दोन सामाजिक कार्यास द्यावयाचे असतात आणि वनस्पती व प्राणी यांचे रक्षण हे त्या कार्यांत गणले आहे. या निधीतून जुनी बियाणी पेरणाऱ्या शेतकऱ्यास योग्य मोबदला आणि गावोगावी बीजपेढी का मिळू नये?

हे स्वप्नरंजन नव्हे. बीदरच्या सीमेलगत, जहिराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या अल्पभूधारक महिलांनी भरडधान्यांची आणि कडधान्यांची कित्येक वाणे जपली. त्या संस्थेस २०१९ साली संयुक्त राष्ट्रांचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची पेढी उभारली आणि २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव झळकले. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीने जे ओळखले, ते पदवीधरांस आणि भांडवलदारांस ओळखता येऊ नये काय?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या हाती सरकार नाही आणि कंपनीही नाही. तरी एक काम तुम्ही खचित करू शकाल. येत्या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसा. त्यांच्या वेळी कोणती ज्वारी, कोणती तूर, कोणता पावटा पेरीत, त्याची नावे आणि गुण लिहून घ्या. कानडी नाव असेल तर तेही लिहा. कोणाच्या घरी जुने बी उरले असेल, तर मूठभर आणा. शाळेच्या बागेत आपण ते पेरू आणि जमविलेली यादी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीसाठी देऊ. नावे सांगणारी पिढी थकत चालली आहे. तिच्या मागे ही माहिती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

वर्गातील त्या मुलीच्या आजीने जे मडके रिकामे होताना पाहिले, ते पुन्हा भरावयास वेळ लागेल. पण पुढील वेळ अमावास्येच्या भज्जीत शाळेच्या बागेतील मूठभर पावटा पडला, तर ठेवीचा पहिला हप्ता भरला गेला असे आम्ही समजू.