बीओडी : दोन मार्कांच्या पलीकडे

बीओडी आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो. पंचगंगेकडे पाहिलं की मला त्याचा खरा अर्थ कळतो. कोल्हापूरजवळ नदीत सांडपाणी मिसळतं. ते कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन म्हणजे बीओडी. नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवायचा आणि ऑक्सिजन किती घटला ते मोजायचं. आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. उन्हाळ्यात प्रवाह आटतो, सांडपाणी मात्र तेवढंच येतं. मग मासे गुदमरतात.

खालच्या अंगाला इचलकरंजी. तिथे २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली. काविळीचे विषाणू बीओडीत दिसत नाहीत, पण दोन्हींचं मूळ मैलापाणीच. म्हणून नाला नदीला मिळण्याआधीच शुद्धीकरण केंद्राकडे वळवायला हवा. आपल्या हॉस्टेलचं ड्रेनेज कुठे जातं, तेवढं आधी शोधूया!